आरसेपला नकार, मग अमिरात, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनला होकार : मुक्त व्यापार करारासाठी भागीदार कसा निवडला जातो?

प्रश्न : राज्यशास्त्र_शिक्षक

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. यंदा भारताचे मुक्त व्यापार करार हा विषय वर्गात मांडताना मला एक प्रश्न पडला आणि उपलब्ध पुस्तकांतून त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून तो येथील जाणकारांसमोर ठेवतो आहे.

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने आरसेप, म्हणजे आशिया-प्रशांत भागातील देशांच्या सामायिक मुक्त व्यापार करारात सामील होण्यास नकार दिला. भारत आता व्यापाराची दारे लावून घेणार, असा सूर त्या वेळी अनेकांनी लावला होता. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिराती, एप्रिल २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया, मार्च २०२४ मध्ये स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाइन या चार देशांचा एफ्टा गट आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटन यांच्याशी करारांवर सह्या झाल्या. ज्या देशाशी व्यापार मोठा आहे आणि जो देश आपल्याला सर्वांत स्वस्त माल देऊ शकतो, त्याच्याशी करार केल्यास लाभ अधिक, असे अर्थशास्त्राची प्राथमिक पुस्तके सांगतात. त्या कसोटीवर चीन आणि अमेरिका ही नावे यादीत सर्वांत आधी यायला हवी होती, आणि लिक्टेनस्टाइनचे नाव तर कोणाच्या मनातही यायला नको होते.

मग भागीदार निवडताना आर्थिक हिशेब किती असतो आणि राजकारण किती? आणि कराराचा मसुदा वाचून हे ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर १ : व्यापारधोरण_वाचक

सर, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो : कोणाशी करार केल्याने देशाला सर्वाधिक लाभ होईल, या प्रश्नावर भागीदाराची निवड क्वचितच ठरते. कोणाशी करार केल्याने देशातील संघटित उत्पादक सर्वांत कमी दुखावले जातील आणि त्याच वेळी परराष्ट्र धोरणाचे एखादे अडलेले काम पुढे सरकेल, या दुहेरी प्रश्नावर ती बहुधा ठरते.

आरसेपचेच उदाहरण घ्या. त्या वाटाघाटींत आसियान या आग्नेय आशियाई गटाचे दहा देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत असे सोळा देश होते. यांपैकी आसियान व कोरियाशी आपले करार १ जानेवारी २०१० पासून आणि जपानशी ऑगस्ट २०११ पासून लागू होतेच. म्हणजे भारतासाठी आरसेपमध्ये खऱ्या अर्थाने नवे असे तीनच देश होते : चीन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. आता पुढचा क्रम पाहा. ऑस्ट्रेलियाशी आपण स्वतंत्र करार केला. न्यूझीलंडशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २२ डिसेंबर २०२५ रोजी झाली आणि त्यातून दुग्धपदार्थ वगळण्यात आले. सोळांच्या त्या यादीत करार नसलेला केवळ एकच देश उरला. आरसेपला दिलेला नकार हा व्यापाराला दिलेला नकार नव्हता. मागच्या दाराने होऊ घातलेल्या चीनबरोबरच्या मुक्त व्यापार कराराला दिलेला तो नकार होता, असे मला या क्रमावरून वाटते.

त्यामागचा आर्थिक भाग कमी लेखण्याचे कारण नाही. २०१८-१९ मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारतूट सुमारे ५३ अब्ज डॉलर होती. आसियानशी करार झाल्यानंतरही आपली निर्यात जितकी वाढली त्यापेक्षा आयात अधिक वाढली, हा अनुभव उद्योगांच्या मनात ताजा होता. शुल्ककपात कोणत्या वर्षाच्या दरापासून मोजायची यावरही वाद होता : मसुद्यात २०१४ हे आधारवर्ष होते, तर मधल्या काळात अनेक वस्तूंवरील शुल्क आपण वाढवलेले असल्याने भारताला २०१९ हवे होते. आयात अचानक फुगल्यास शुल्क आपोआप वाढवता यावे, ही मागणीही मान्य झाली नाही. परंतु नकाराला खरी धार आली ती दुधामुळे. न्यूझीलंडमधून येणाऱ्या दूध पावडरीच्या शक्यतेने सहकारी दूध संघ आणि शेतकरी संघटना एकवटल्या. या विरोधात राजकीय भेद राहिला नाही. सत्ताधारी पक्षाच्या जवळच्या संघटना आणि विरोधी पक्ष एकाच बाजूला उभे राहिले. पश्चिम महाराष्ट्रात ज्याच्या दावणीला दोन-तीन गाई आहेत आणि ज्याचा आठवड्याचा खर्च दुधाच्या बिलावर चालतो, तो मतदार नाराज करून करार करणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते, आणि माझ्या मते ते योग्यही नव्हते.

आता अमिराती, ऑस्ट्रेलिया, एफ्टा आणि ब्रिटन यांच्याकडे पाहा. यांपैकी कोणीही आपल्या लघुउद्योगांशी थेट स्पर्धा करणारा स्वस्त कारखानदारी माल बनवत नाही. कोळसा, लोकर, खनिज तेल, सोने, यंत्रसामग्री, घड्याळे, व्हिस्की हा त्यांचा मुख्य माल. अशा देशाशी करार केल्यास मालेगावच्या यंत्रमागधारकाने किंवा पुण्याजवळच्या सुटे भाग बनवणाऱ्याने मोर्चा काढण्याचे कारण उरत नाही. अर्थशास्त्रात याला पूरक अर्थव्यवस्था म्हणतात. राजकारणाच्या दृष्टीने तो कमीत कमी विरोधाचा मार्ग आहे. यातला तोटाही सांगितला पाहिजे. स्पर्धाच नसलेल्या देशाशी केलेल्या करारातून कार्यक्षमतेचा लाभही मर्यादितच मिळतो. अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी १९५० मध्ये व्यापारनिर्मिती आणि व्यापारवळण असा जो फरक दाखवला, तो येथे लागू पडतो. भागीदाराकडून स्वस्त माल येऊन देशातील महाग उत्पादन मागे पडले तर व्यापार निर्माण होतो. पण जगात इतरत्र अधिक स्वस्त मिळणारा माल केवळ शुल्क नाही म्हणून भागीदाराकडून घेतला तर व्यापार फक्त वळतो आणि सरकारचा महसूल जातो. राजकीय दृष्ट्या सोपे करार अनेकदा या दुसऱ्या प्रकाराकडे झुकतात.

उत्तर २ : परराष्ट्रनीती_ठाणे

वरील विवेचन उपयुक्त आहे, पण त्यात देशांतर्गत हितसंबंधांना फार मोठे स्थान दिले गेले आहे असे मला वाटते. केवळ भारताकडे पाहिले तर तसे दिसेल. मोठ्या सत्तांकडे पाहिले की चित्र बदलते.

अमेरिकेचा पहिला मुक्त व्यापार करार १९८५ मध्ये इस्रायलशी झाला. त्यानंतर जॉर्डन, मोरोक्को, बहारीन आणि ओमान यांच्याशी करार झाले. या चारही बाजारपेठा अमेरिकेच्या आकारापुढे नगण्य आहेत. महत्त्व होते ते पश्चिम आशियातील सुरक्षेला. तेव्हाचे व्यापार प्रतिनिधी रॉबर्ट झोलिक यांनी तर २००३ मध्ये ही गोष्ट उघडपणे मांडली : अमेरिकेशी करार हवा असलेल्या देशाकडून परराष्ट्र व सुरक्षा धोरणात सहकार्याची अपेक्षा राहील. त्याच वर्षी इराक युद्धाला पाठिंबा देणाऱ्या सिंगापूरच्या करारावर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मे महिन्यात व्हाइट हाउसमध्ये सही केली. सुरक्षा परिषदेत साथ न दिलेल्या चिलीला जून उजाडेपर्यंत थांबावे लागले, आणि तेथे सही झोलिक यांनी मायामीत केली. इराकमध्ये सैन्य पाठवणाऱ्या ऑस्ट्रेलियाशी २००४ मध्ये करार झाला. अणुशक्तीवर चालणाऱ्या किंवा अण्वस्त्रधारी जहाजांना बंदरात येऊ न देणाऱ्या आणि इराक युद्धापासून दूर राहिलेल्या शेजारच्या न्यूझीलंडला मात्र तो मिळाला नाही. आर्थिक रचनेत या दोन शेजाऱ्यांमध्ये एवढा फरक खचितच नव्हता.

चीनची पद्धत याहून सूक्ष्म आहे. न्यूझीलंडने २००४ मध्ये चीनला बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्था म्हणून मान्यता दिली आणि २००८ मध्ये चीनशी मुक्त व्यापार करार करणारा तो पहिला विकसित देश ठरला. कोस्टारिकाने जून २००७ मध्ये तैवानशी राजनैतिक संबंध तोडून बीजिंगला मान्यता दिली. २०११ मध्ये त्याचा करार लागू झाला. याउलट नॉर्वेशी २००८ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी २०१० साली चीनमधील तुरुंगात असलेले सरकारविरोधक लिऊ शाओबो यांना नॉर्वेतून दिले जाणारे शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर होताच थांबल्या आणि डिसेंबर २०१६ मध्ये संबंध पूर्ववत होईपर्यंत तशाच राहिल्या. मध्यंतरी, २०१३ मध्ये, चीनने आइसलँडशी करार करून टाकला. मासे नॉर्वे आणि आइसलँड दोघेही विकतात, ही बाब ओस्लोमध्ये कोणाच्या नजरेतून सुटली नसावी.

सर्वांत बोलके उदाहरण तैवानचे. जून २०१० च्या आर्थिक सहकार्य आराखड्यात चीनने तैवानच्या ५३९ वस्तूंना सवलत दिली आणि बदल्यात केवळ २६७ वस्तूंसाठी घेतली. दिलेल्या सवलतींत मासे व शेतमाल होता, म्हणजे दक्षिण तैवानमधील, बीजिंगविरोधी पक्षाला मत देणाऱ्या शेतकऱ्यांचा व मच्छीमारांचा माल. पुढे तैपेईतील सरकार नकोसे झाल्यावर २०२४ मध्ये आधी १२ आणि नंतर १३४ वस्तूंवरील सवलती चीनने काढून घेतल्या. अशा सवलती मुळात तुटीच्या हिशेबाने दिलेल्याच नसतात. त्या परत घेता याव्यात म्हणून दिलेल्या असतात. आपण चीनशी करार केला नाही याचे मूल्यमापन करताना हा इतिहास विसरता येत नाही.

उत्तर ३ : दागिने_निर्यात_अंधेरी

मी अभ्यासक नाही, पण सीप्झ या अंधेरीतील निर्यात क्षेत्रात दागिने निर्यातीच्या व्यवसायात बरीच वर्षे आहे, म्हणून अमिराती कराराविषयी थोडे लिहितो.

आमच्यासाठी त्या कराराचा अर्थ साधा होता : दुबईत आमच्या दागिन्यांवर लागणारे ५ टक्के शुल्क गेले. घडणावळीतला नफा मुळात कमी असतो, त्यामुळे ५ टक्के ही रक्कम लहान नाही. हा करार ८८ दिवसांत ठरला, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आखाती सहकार्य परिषदेशी, म्हणजे सहाही देशांच्या गटाशी, भारताचा आराखडा २००४ सालीच झाला होता, पण त्यातून पुढे अनेक वर्षे करार झाला नाही. गट म्हणून जे जमले नाही ते एकट्या अमिरातीने तीन महिन्यांत केले, कारण तेलानंतरच्या काळासाठी तिला जगाचे व्यापारकेंद्र म्हणून आपले स्थान पक्के करायचे होते. या धोरणातील पहिला करार तिने भारताशी केला, आणि त्यानंतर इस्रायल, इंडोनेशिया, तुर्कस्तान अशी रांग लागली. घाई दोन्ही बाजूंना होती. आपली माणसे तेथे लाखोंनी आहेत, त्यांनी पाठवलेला पैसा येतो, तेल येते, आणि २०२० नंतर इस्रायल व अरब देश यांच्या बदललेल्या संबंधांत भारतालाही आपली जागा हवी होती.

दुसरी बाजूही सांगणे मला कर्तव्य वाटते. वर्षाला २०० टनांपर्यंतच्या सोन्यावर आपण एक टक्क्याची शुल्कसवलत दिली. अमिरातीत सोन्याची खाण नाही. पुढे प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या नावाखाली सोने आणण्याचे प्रकार घडले आणि सरकारला त्या आयातीवर निर्बंध घालावे लागले. वर ज्याला व्यापारवळण म्हटले आहे, त्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

राज्यशास्त्र_शिक्षक (पूरक प्रश्न)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. अमिराती आणि ऑस्ट्रेलियाचे तर्कशास्त्र आता समजते. पण एफ्टाचे अजूनही कळत नाही. तेथे ना संघर्ष आहे, ना शेजार, ना मोठी बाजारपेठ. शिवाय स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरील आयात शुल्क सर्वच देशांसाठी रद्द केले आहे असे वाचले. मग आपल्याला काय मिळाले? आणि ब्रिटनबाबत, तीन वर्षे वाटाघाटी रखडण्याचे कारण काय?

उत्तर ४ : व्यापारधोरण_वाचक

आपण वाचलेले बरोबर आहे. १ जानेवारी २०२४ पासून स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरील शुल्क शून्य केले, आणि ते करार असो वा नसो, सर्वांसाठी. म्हणजे त्या बाजारात शुल्काच्या रूपाने मागण्यासारखे भारताकडे फारसे उरलेच नव्हते. म्हणून भारताने निराळी गोष्ट मागितली : १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरची थेट गुंतवणूक आणि १० लाख रोजगार. यांपैकी ५० अब्ज पहिल्या दहा वर्षांत आणि उरलेले पुढच्या पाच वर्षांत अपेक्षित आहेत. शेअर बाजारातील गुंतवणूक यात धरलेली नाही. उद्दिष्ट साधले नाही तर, सल्लामसलत व मुदत संपल्यावर, आपल्या शुल्कसवलती मागे घेण्याचा अधिकार भारताने राखला आहे. करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. गुंतवणूक मात्र खासगी कंपन्या करतात, सरकारे नव्हेत. म्हणून या वचनाची कायदेशीर ताकद मला त्याच्या राजकीय ताकदीपेक्षा कमी वाटते. तरीही वाटाघाटीची कल्पना म्हणून ती चांगली होती, कारण देण्यासारखे शुल्क समोरच्याकडे नसताना आपल्या बाजारपेठेची किंमत वेगळ्या चलनात मागितली गेली.

ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारातही मला शुल्कापेक्षा त्याच्यासोबत आलेली करदुरुस्ती महत्त्वाची वाटते. भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांनी भारतात बसून दिलेल्या सेवांवर तेथे जो कर लागत असे, तो थांबवण्यासाठी ऑस्ट्रेलियाने कायदा बदलला. पुणे आणि बंगळुरूतील कंपन्यांची ती जुनी मागणी होती. ऑस्ट्रेलियाची निकडही समजून घ्या : २०२० मध्ये चीनने त्याच्या बार्ली, वाइन आणि कोळशावर निर्बंध आणले, आणि त्याला पर्यायी ग्राहक तातडीने हवे होते. या कराराची वाइनविषयक तरतूद नाशिकच्या वाचकांनी जरूर पाहावी. पाच डॉलरपेक्षा कमी आयात किमतीच्या बाटलीला सवलतच नाही. तिच्या वर, १५ डॉलरपर्यंत, शुल्क १५० टक्क्यांवरून आधी १०० आणि दहा वर्षांत ५० टक्क्यांवर येते. १५ डॉलरच्या पुढच्या बाटलीवर ते आधी ७५ आणि अखेर २५ टक्के होते. महागडी वाइन येऊ दिली आणि आपल्या वाइनरी ज्या किमतीत विकतात तो टप्पा राखला. भागीदार का निवडला हे मसुद्यातून ओळखण्याचा मार्ग आपण विचारला होता. तो मार्ग अशा तरतुदींतून जातो. प्रस्तावनेत मैत्रीची भाषा सर्वत्र सारखीच असते. कोण कोणाला वाचवत होते हे वगळलेल्या वस्तूंची यादी, किमान किंमत, कोटा आणि सवलतीचा कालावधी यांतून कळते.

ब्रिटनविषयी थोडक्यात. युरोपीय संघातून बाहेर पडल्याचा लाभ दाखवणे ही लंडनमधील प्रत्येक सरकारची गरज होती; म्हणूनच जानेवारी २०२२ मध्ये बोलणी सुरू झाल्यावर एप्रिलमध्ये त्याच वर्षीच्या दिवाळीची मुदत जाहीर झाली आणि ती हुकली. अडले होते ते व्हिस्की, मोटारी, व्यावसायिकांचे व्हिसा आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी यांवर. अखेर व्हिस्कीवरील शुल्क १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले, तर तात्पुरत्या नेमणुकीवर गेलेल्या भारतीयांना तीन वर्षे दुहेरी वर्गणीतून सूट मिळाली. ब्रिटिश सरकारच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे दीर्घकाळात त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नात यामुळे सुमारे ०.१३ टक्के भर पडेल. एवढ्या आकड्यासाठी कोणी तीन वर्षे खपत नाही.

उत्तर ५ : दक्षिणआशिया_टिपणे

चर्चेत शेजारी देश आलेच नाहीत, म्हणून एक जुना करार आठवणीत आणून देतो. श्रीलंकेशी २८ डिसेंबर १९९८ रोजी वाजपेयी आणि चंद्रिका कुमारतुंगा यांच्या उपस्थितीत सही झाली. त्याच वर्षी मे महिन्यात अणुचाचण्या झाल्या होत्या, जग निर्बंध लादत होते, आणि लहान शेजाऱ्याला झुकते माप देणारा भारत दाखवणे दिल्लीला आवश्यक होते. आर्थिक लाभासाठी हा करार केला असे कोणी म्हणत नव्हते.

तरीही राजकीय हेतूने केलेल्या करारालाही आर्थिक परिणाम चुकत नाहीत. श्रीलंकेत पामतेलावर शुल्क कमी आणि भारतात जास्त, हा फरक पाहून तेथे वनस्पती तुपाचे कारखाने निघाले, त्यांत भारतीय भांडवलही होते, आणि तेथून शुल्कमुक्त तूप भारतात येऊ लागले. तांब्याबाबतही तसेच झाले. अखेर वनस्पतीवर अडीच लाख टनांचा कोटा घालावा लागला. चहासाठी तर सुरुवातीपासूनच दीड कोटी किलोचा कोटा होता, कारण केरळ व तमिळनाडूतील मळेवाले गप्प बसणार नव्हते. म्हणजे उत्तर १ आणि उत्तर २ यांत मला विरोध दिसत नाही : सही कोणाशी करायची हे परराष्ट्र मंत्रालयाच्या गरजेने ठरले आणि आत काय लिहायचे हे मळेवाल्यांच्या गरजेने.

आणखी एक हेतू येथे कोणी मांडला नाही, तो म्हणजे मागे पडण्याची भीती. इतरांनी करार केले की बाहेर राहिलेल्याचा माल आपोआप महाग ठरतो. व्हिएतनामचा युरोपीय संघाशी करार ऑगस्ट २०२० पासून लागू आहे, बांगलादेशाला अल्पविकसित देश म्हणून तेथे शुल्कमुक्त प्रवेश आहे, आणि पाकिस्तानला २०१४ पासून विशेष सवलत आहे. सोलापूरचा टॉवेल त्याच दुकानात शुल्क भरून पोहोचतो. २००७ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये थांबलेल्या युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि २७ जानेवारी २०२६ रोजी त्या पूर्ण झाल्याची घोषणा झाली. मधल्या काळात, ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले होते. दोन्ही बाजूंना अमेरिकेबाहेरचा ग्राहक एकाच वेळी निकडीचा वाटू लागला, हे त्या घोषणेचे निदान एक मोठे कारण आहे. वर्गात शिकवताना कराराच्या तारखेशेजारी त्या वर्षी जगात काय चालले होते हे मुलांना लिहायला सांगितले, तर सरांच्या मूळ प्रश्नाचे बरेचसे उत्तर ती स्वतःच शोधतील असे मला वाटते.